फिनिश भाषेत मत, चव आणि वास कसे सांगावेत

मराठीत ‘मला वाटतं’ म्हटलं की बरंच काही उरकतं. सूप चांगलं आहे असं वाटतं, बस पाचला येईल असं वाटतं, काहीतरी बिनसलंय असंही वाटतं. फिनिशमध्ये या तिन्ही वाटण्यांना वेगवेगळे शब्द आहेत आणि शिकणाऱ्याची पहिली गफलत इथेच होते.

उच्चारासाठी एवढं लक्षात ठेवा: ‘ऽ’ दिसेल तिथे आधीचा स्वर दुप्पट लांबवायचा. ‘ह्युवॅ’ (चांगलं) मधला ‘यु’ म्हणताना ओठ ‘उ’सारखे आवळून जीभ ‘इ’च्या जागी ठेवायची. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर.

पायरी १: मत कोणाचं ते सांगा

‘मी’ म्हणजे मिनॅ, पण ‘माझ्या मते’ म्हणजे मिनुस्ता. तुझ्या मते सिनुस्ता, त्याच्या किंवा तिच्या मते हॅनेस्तॅ. ‘-स्ता/-स्तॅ’ हा मुळात ‘-मधून’ अर्थाचा प्रत्यय. ‘मिनुस्ता केइत्तो ओन ह्युवॅऽ’ म्हणजे माझ्या मते सूप चांगलं आहे. लेखी भाषेत ‘मिनुन मिएलेस्तॅनि’ही चालतं. बोलताना मिनुस्ताचं ‘मुस्ता’ होतं. ‘काळा’ या अर्थाचा शब्दही मुस्ताच, पण संदर्भामुळे घोटाळा होत नाही.

अंदाज असेल तर लूलेन वापरा: ‘लूलेन, एत्तॅ...’ (मला वाटतं की...). बस कधी येईल, दुकान उघडं असेल का, अशा गोष्टींसाठी ते ठीक. पण सूप पिऊन झाल्यावर ‘लूलेन, एत्तॅ केइत्तो ओन ह्युवॅऽ’ म्हणालात, तर तुम्ही ते अजून चाखलेलंच नाही असा अर्थ निघतो. आतून जाणवणाऱ्या गोष्टीला ‘मिनुस्ता तुन्तू, एत्तॅ...’.

पायरी २: इंद्रियाप्रमाणे क्रियापद निवडा

नॅयुत्तॅऽ – दिसतं
कूलोस्ताऽ – ऐकायला वाटतं
माइस्तू – (चवीला) लागतं
तुन्तू – स्पर्शाला किंवा मनाला जाणवतं
तुओक्सू – सुवास येतो
हाइसेऽ – घाण वास येतो

इथे मराठी माणसाला फार अडचण येऊ नये. ‘भाजी खारट लागते’ या वाक्यात कर्ता भाजी असते, चाखणारा नव्हे; फिनिशमध्येही तसंच. मात्र चाखण्याचं क्रियापद वेगळं आहे: माइस्तान म्हणजे मी चाखतो. तसंच हाइस्तान म्हणजे मी हुंगतो, आणि हाइसेन म्हणजे माझ्या अंगाला वास येतो. ही जोडी आधी पाठ करा.

यादीतली शेवटची दोन क्रियापदंही (तुओक्सू आणि हाइसेऽ) जपून वापरायची. हेलसिंकीच्या काउप्पातोरि या बाजारचौकात ऑक्टोबरमध्ये हेरिंग माशांची जत्रा भरते. तिथल्या विक्रेत्याच्या मालाबद्दल ‘हाइसेऽ’ म्हणणं म्हणजे मासा शिळा ठरवणं.

पायरी ३: विशेषणाला ‘-ल्ता/-ल्तॅ’ लावा

सर्वाधिक चुका इथे होतात. ‘केइत्तो माइस्तू ह्युवॅ’ चूक, ‘केइत्तो माइस्तू ह्युवॅल्तॅ’ बरोबर. शब्दात आ, ओ, उ यांपैकी स्वर असेल तर -ल्ता, नसेल तर -ल्तॅ.

प्रत्यय मूळ रूपाला सरसकट चिकटवता येत नाही. विशेषणाचं षष्ठीचं रूप घ्या, शेवटचा ‘न’ काढा आणि मग प्रत्यय लावा:

काउनिस (सुंदर), काउनीन → काउनील्ता
ऊसि (नवीन), ऊदेन → ऊदेल्ता
सुओलाइनेन (खारट), सुओलाइसेन → सुओलाइसेल्ता
हापान (आंबट), हाप्पामान → हाप्पामाल्ता
वॅस्युन्युत (थकलेला), वॅस्युनेऽन → वॅस्युनेऽल्तॅ

म्हणून नवीन विशेषण शिकताना षष्ठीसकटच शिकावं. शब्दकोशातलं एकटं रूप फारसं कामाचं नाही. एकवचनात ही युक्ती फसत नाही. अनेकवचनात क्रियापद आणि विशेषण दोन्ही बदलतात: ‘ओमेनात माइस्तुवात ह्युविल्तॅ’ (सफरचंदं छान लागतात).

नामालाही हाच प्रत्यय लागतो आणि मराठीतल्या ‘-चा वास’चं काम भागवतो. हाइसेऽ सावुल्ता म्हणजे धुराचा वास येतोय, तुओक्सू कानेलिल्ता म्हणजे दालचिनीचा सुवास दरवळतोय. काही भागांत ‘-ल्ता’ऐवजी ‘-ल्ले’ ऐकू येईल. तेही चुकीचं नाही, पण सुरुवातीला एकच धरून ठेवा.

प्रश्नही त्याच प्रत्ययाने: ‘मिल्तॅ साल्मियाक्कि माइस्तू?’ (साल्मियाक्कि चवीला कसं लागतं?) अमोनियम क्लोराइड घातलेल्या या ज्येष्ठमधाच्या गोळीबद्दल एका शब्दात उत्तर देता येतं: ‘सुओलाइसेल्ता.’

‘ओन’ आलं की वेगळा हिशोब

‘आहे’ म्हणजे ओन. त्याच्याबरोबर -ल्ता येत नाही. मोजता येत नाहीत अशा पदार्थांना ह्युवॅऽ (काह्वि ओन ह्युवॅऽ, कॉफी चांगली आहे), मोजता येणाऱ्या एका वस्तूला नुसतं ह्युवॅ (आउतो ओन ह्युवॅ, गाडी चांगली आहे).

थंडी वाजते तेव्हा ‘मिनुल्ला ओन क्युल्मॅ’ म्हणा. ‘ओलेन क्युल्मॅ’ म्हटलंत तर तुमचा स्वभाव थंड, कोरडा ठरतो.

आवड सांगताना पुन्हा -स्ता: पिदॅन काह्विस्ता, मला कॉफी आवडते. प्रत्यय चुकून ‘पिदॅन काह्विन’ झालं तर ‘ही कॉफी मी ठेवून घेतो’ असा अर्थ होतो. रोजच्या बोलण्यात पिदॅनऐवजी त्युक्कॅऽन जास्त ऐकू येतं, प्रत्यय तोच.

सहमत असाल तर ‘ओलेन सामाऽ मिएल्तॅ’, नसाल तर ‘ओलेन एरि मिएल्तॅ’. आणि तुमच्या हातचं खाऊन कोणी फक्त ‘एइ हुल्लुम्पाऽ’ म्हणालं, तर हिरमुसू नका. ‘वाईट नाही’ अशा उलट्या वळणाचा हा शेरा फिनलंडमध्ये कौतुकच असतो.