इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये खेळलेल्या घानाच्या मिडफिल्डरची कारकीर्द मराठीत कशी लिहावी

आधी एक वही घ्या आणि दर सीझनला एक ओळ आखा. आठ रकाने पुरतात : सीझन, क्लब, लीगची पायरी, लीगमधले सामने, लीगमधले गोल, एफए कप, लीग कप (लीगपेक्षा वेगळ्या, हरला की बाहेर अशा दोन स्पर्धा), इतर. लेख नंतर. हा तक्ता जुळल्याशिवाय पहिलं वाक्यही लिहू नका.

एवढा आग्रह का, तर मोठ्या खेळाडूचा एक गोल चुकला तर दुसऱ्या दिवशी दहा जण दुरुस्ती सांगतात. लीग टूमध्ये दहा वर्षं धावलेल्या माणसाचा आकडा चुकला तर तो तसाच राहतो. पुढचा लिहिणारा तो उचलतो, मग तिसरा, आणि चौथ्या ठिकाणी तोच खरा ठरतो. अशा खेळाडूच्या नावावर करंडक नसतात, जे असतं ते खेळलेले सामने. त्याची मेहनत त्या आकड्यातच आहे.

पहिली ठेच पायऱ्यांवर लागते. इंग्लंडमध्ये वरून प्रीमियर लीग, मग चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू, त्याखाली नॅशनल लीग. म्हणजे लीग वन ही तिसरी पायरी आणि लीग टू चौथी. लीग वनचं भाषांतर करून ‘पहिली लीग’ लिहिलंत की वाचकाची समजूत उलटी होते. नाव जसंच्या तसं ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘चौथ्या पायरीवरची लीग टू’ असं सांगून मोकळे व्हा. आणखी एक खड्डा 2004 चा. त्या वर्षी नावं बदलली : फर्स्ट डिव्हिजनची चॅम्पियनशिप झाली, सेकंडची लीग वन, थर्डची लीग टू. त्यामुळे 2003–04 मध्ये सेकंड डिव्हिजनमध्ये खेळणारा मिडफिल्डर पुढच्या वर्षी लीग वनमध्ये दिसला म्हणून तो वर चढला असं होत नाही. तो होता तिथेच होता. 1992 च्या आधीचा खेळाडू असेल तर अजून सांभाळून, कारण प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा खालच्या प्रत्येक डिव्हिजनचं नाव एकेक घर सरकलं.

आता मोजणी. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे घाई नको. चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या तिन्हींत 24 क्लब, प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक, म्हणजे 46 सामने. लेखाशेजारी कारकिर्दीची जी छोटी चौकट देतात तिच्यात फक्त हे लीगचे सामने धरायचा रिवाज आहे. एफए कप, लीग कप, ईएफएल ट्रॉफी आणि प्रमोशनचे प्ले-ऑफ (वरच्या पायरीवर कोण जाणार हे ठरवणारे सीझनअखेरचे जादा सामने) हे सगळं वेगळं. लासलगावच्या मार्केटला लाल कांदा आणि उन्हाळ कांदा एका ढिगात ओतत नाहीत, तसंच हे. क्रिकेटमध्ये रणजीच्या धावांत वन-डेच्या धावा कुणी मिसळत नाही. गोल्फ क्लब मैदानावर रणजीचा सामना बघितलेल्या नाशिककराला हे वेगळं समजावून सांगायला नको, पण फुटबॉल लिहिताना तोच माणूस सगळं एकत्र करतो.

एक सीझन उघडून बघू. समजा आपला मिडफिल्डर लीग टूमध्ये 31 सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि 7 वेळा बदली म्हणून उतरला. लीगचे सामने झाले 38. एफए कपचे 2, लीग कपचा 1, ईएफएल ट्रॉफीचे 3, प्ले-ऑफचे 2. सगळे मिळून 46. आणि हाच घात. वाचणारा म्हणतो, अरे वा, 46 पैकी 46, एकही सामना चुकला नाही! प्रत्यक्षात लीगचे आठ सामने तो बाहेर होता. म्हणून ‘सर्व स्पर्धा मिळून 46 सामने, त्यांपैकी लीगमधले 38’ असं पूर्ण वाक्य लिहा, नुसतं ‘46 सामने’ कधीच नको.

बेंचवर बसून न उतरलेला सामना मोजायचा नाही. 89 व्या मिनिटाला उतरला तर मात्र तो पूर्ण एक सामना. काही याद्यांमध्ये 31 (7) असं छापतात. त्याचा अर्थ 31 मध्ये 7 धरलेले आहेत की 31 अधिक 7, हे त्या यादीच्या तळटीपेत बघितल्याशिवाय बेरीज करू नका, कारण दोन्ही पद्धती चालतात.

ईएफएल ट्रॉफीबद्दल जरा जास्त. ही लीग वन आणि लीग टूच्या क्लबांची स्पर्धा. 2016–17 पासून तिच्यात मोठ्या क्लबांचे अंडर-21 संघही खेळतात. एखादा घानाचा पोरगा मोठ्या क्लबच्या अकॅडमीत असताना या स्पर्धेत उतरला, तर तो सामना त्या क्लबच्या अंडर-21 संघाच्या खात्यात जातो, मुख्य संघाच्या नाही. पण तोच मुलगा जानेवारीत लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी उसना, लीग टूच्या क्लबकडे गेला आणि तिथून ट्रॉफी खेळला, तर ते सामने सिनियरच. शिवाय प्रायोजक बदलला की स्पर्धेचं नाव बदलतं : जॉनस्टोन्स पेंट, चेकाट्रेड, पापा जॉन्स. ट्रॉफी एकच, रकाना एकच. लीग कपचंही तसंच, कार्लिंग काय आणि काराबाव काय.

लोनची ओळ नेहमी स्वतंत्र. मूळ क्लबच्या ओळीखाली बाण काढून लोनवाला क्लब, आणि तिथले सामने तिथेच. मूळ क्लबच्या आकड्यात ते घातले तर एकच सामना दोनदा मोजला जातो, आणि कारकिर्दीची बेरीज करताना कळत नाही की पंधरा सामने जास्त कुठून आले. बेरीज जुळत नसेल तर पहिला संशय लोनवर घ्या, दुसरा प्ले-ऑफवर.

नावाकडे वळू, कारण मराठीत खरी हेळसांड तिथे होते. घानातल्या अकान लोकांत मुलाला जन्मवाराचं नाव मिळतं. रविवारचा क्वासी, सोमवारचा क्वाजो किंवा कोजो, मंगळवारचा क्वाबेना, बुधवारचा क्वाकू, गुरुवारचा याव, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. आपल्याकडे पेठ-सुरगाण्याच्या बाजूला जुन्या पिढीत सोम्या, मंगळ्या, बुध्या अशी नावं भेटतात, तीच रीत. याचा उपयोग ताळ्यासाठी होतो. फुटबॉलपटू क्वामे पोकूचा जन्म 11 ऑगस्ट 2001 चा. कॅलेंडर काढून बघा, शनिवार निघतो. वार जुळला नाही तर तारीख पुन्हा तपासा. मात्र हा ताळा आहे, पुरावा नाही. आजोबांचं किंवा काकांचं नाव ठेवलं असेल तर वार जुळणार नाही.

स्पेलिंगवरून उच्चार ठरवू नका. अकानमध्ये रोमन जी आणि वाय एकत्र आले की ‘ज’ होतो, के आणि वाय एकत्र आले की ‘च’. घानाचा नामांकित आघाडीवीर असामोआ ‘ग्यान’ म्हणून आपल्या वर्तमानपत्रांत छापला गेला, उच्चार आहे ‘जान’. तसंच ‘अजेमांग’, ‘अग्येमांग’ नव्हे. खेळाडूची मुलाखत सापडली तर तो स्वतःचं नाव कसं उच्चारतो ते ऐका आणि तेच लिहा. मेन्सा, बोआतेंग, ओवुसू ही आडनावं आपल्याकडच्या पवार-जाधवांइतकी सर्रास. एकाच वर्षी दोन क्लबांत दोन बोआतेंग सापडले तर जन्मतारखेशिवाय पुढे जाऊ नका.

‘घानाचा’ हा शब्दही तपासून लावा. काहींचा जन्म घानात झालेला असतो, काही इंग्लंडमध्ये घानाच्या आईबापांपोटी जन्मलेले असतात. अल्बर्ट अडोमाचा जन्म लंडनचा, 1987 चा. हॅरो बरोसारख्या नॉन-लीग (वरच्या चार पायऱ्यांच्या खालच्या) क्लबातून 2008 मध्ये तो बार्नेटकडे आला, 2010 मध्ये ब्रिस्टल सिटी, 2013 मध्ये मिडल्सब्रो, 2016 मध्ये अॅस्टन व्हिला, 2019 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट, तिथून कार्डिफला लोन, 2020 मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्स, आणि 2024 मध्ये लीग टूमधला वॉलसॉल. देश म्हणून तो घानाकडून खेळला आणि 2014 च्या वर्ल्ड कपच्या संघात होता. इथे जन्मस्थळाच्या रकान्यात लंडन आणि राष्ट्रीय संघाच्या रकान्यात घाना, दोन्ही हवेत. पोकूही क्रॉयडनचा, आणि 2021 मध्ये घानाकडून खेळला तेव्हा तो लीग टूमधल्या कोलचेस्टरचा खेळाडू होता. जुन्या काळातला माणूस असेल तर 6 मार्च 1957 च्या आधीच्या जन्मासाठी देश ‘गोल्ड कोस्ट’ लिहावा, आणि सोबत ‘आजचा घाना’.

हीच दोन उदाहरणं मैदानावरच्या जागेबद्दलही शिकवतात. दोघेही कडेने पळणारे, पण चौघांची मधली फळी मांडणाऱ्या याद्यांमध्ये विंगरलाही मिडफिल्डरच म्हणतात. ‘मधल्या फळीतला’ एवढ्यावर थांबू नका. बचावफळीपुढे उभा राहून चेंडू अडवणारा, दोन्ही पेनल्टी बॉक्सपर्यंत धावणारा की उजव्या कडेचा, हे सामन्यांची वर्णनं वाचून ठरवा. अडवणाऱ्या मिडफिल्डरने दोनशे सामन्यांत पाच गोल केले तर ते अपयश नाही, पण जागा लिहिली नसेल तर वाचकाला तसंच वाटेल.

तक्त्यात जिथे खंड दिसतो तिथे ‘दुखापत’ लिहून टाकायची सवय सोडा. लीगच्या पहिल्या 19 सामन्यांच्या आत पाच पिवळी कार्डं झाली की एका सामन्याची बंदी, 37 सामन्यांच्या आत दहा झाली की दोन सामन्यांची. अडवणारे मिडफिल्डर या जाळ्यात हमखास सापडतात. घानाच्या संघात असेल तर आफ्रिका कप आड येतो : 2022 आणि 2024 च्या दोन्ही स्पर्धा जानेवारीत सुरू झाल्या, ऐन सीझनमध्ये. आणि 2019–20 मध्ये करोनामुळे लीग वन व लीग टू मध्येच थांबवून गुणांच्या सरासरीवर क्रम लावला. त्यात ‘बरी’ नावाच्या क्लबला ऑगस्ट 2019 मध्ये बाहेर काढल्यामुळे लीग वनमध्ये 23 च क्लब उरले होते. त्या वर्षीचे 30 सामने म्हणजे जवळजवळ पूर्ण सीझन.

नाशिकमध्ये बसून लिहिणाऱ्याने घड्याळही सांभाळावं. तिकडचा शनिवारी दुपारी तीनचा सामना उन्हाळी वेळेत आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेआठला. तारीख तीच राहते. पण मंगळवारी रात्री पावणेआठचा सामना निफाडला कडाक्याची थंडी पडते त्या दिवसांत आपल्याकडे बुधवारी पहाटे सव्वाला येतो. मोबाइलवरच्या स्कोअर अॅपने बुधवार दाखवला म्हणून तक्त्यात बुधवार गेला, तर पदार्पणाची तारीखच चुकते. तारीख नेहमी मैदान जिथे आहे तिथली.

शब्द निवडतानाही हात जपून. करार साधारण 30 जूनला संपतो, आणि मे महिन्यात क्लब कोणाला ठेवणार, कोणाला सोडणार याची यादी काढतात. त्या यादीत नाव नसणं म्हणजे ‘हकालपट्टी’ नव्हे. ‘करार संपल्यावर क्लबने तो वाढवला नाही’ असं लिहा. फ्री ट्रान्सफर म्हणजे फुकट विकला असंही नाही. करार संपलेला खेळाडू स्वतः नवा क्लब निवडतो, विकायला कोणी नसतंच. रक्कम जाहीर झाली नसेल तर ‘रक्कम जाहीर केली नाही’, अंदाजाचा आकडा नको. नव्या क्लबने जूनमध्ये घोषणा केली आणि करार 1 जुलैपासून असला, तर दोन्ही तारखा द्या.

सगळं झालं की तक्त्याखाली एक ओळ : ‘आकडे अमुक तारखेला झालेल्या सामन्यापर्यंत’. खेळाडू अजून खेळत असेल तर पुढच्या शनिवारी आकडा वाढवताना ही तारीखही त्याच वेळी बदला. नुसता आकडा वाढवून तारीख तशीच सोडली, तर पुढचा माणूस तोच सामना पुन्हा मिळवतो.