चिप कंपनीचा तिमाही निकाल कसा वाचावा

सांगलीत शेअरवाल्यांची बैठक जमली आणि मायक्रॉनचा, म्हणजे मेमरी चिप बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा, विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, मेमरीचा तुटवडा आहे, नफा चढणारच. दुसरा म्हणतो, कंपनीचे प्रमुख संजय मेहरोत्रा आणि मंडळींच्या बोलण्यावर किती विसंबायचं? वाद मिटवायला मथळे नकोत, कंपनीचे कागद उघडा. तासाभराचं काम आहे.

निकाल अमेरिकी बाजार बंद झाल्यावर येतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री दीडनंतर, हिवाळ्यात अडीचनंतर. जागत बसू नका. सकाळी निकालपत्रक आणि विश्लेषकांशी झालेल्या कॉलचा मजकूर वाचा. सविस्तर तिमाही अहवाल, टेन-क्यू, अमेरिकी नियामक एसईसीच्या एडगर साइटवर फुकट मिळतो. मायक्रॉनचं वर्ष ऑगस्टअखेरीच्या आसपास संपतं, तेव्हा त्याच्या तिमाह्या आपल्या कंपन्यांशी जुळवायला जाऊ नका.

सगळ्यात आधी साठ्याचे दिवस काढा, म्हणजे हातातला माल किती दिवस पुरेल ते. साठा भागिले त्या तिमाहीत विकलेल्या मालाचा खर्च, गुणिले ९१ (तिमाहीचे दिवस). समजा साठा ८०० कोटी डॉलर आणि खर्च ५०० कोटी, तर उत्तर साधारण १४६ दिवस. असे मागच्या आठ तिमाह्यांचे आकडे वहीत एकाखाली एक मांडा. तुटवडा खरा असेल तर दिवस घटत येतात. व्यवस्थापन मागणीचे गोडवे गातंय आणि दिवस वाढताहेत, तर साठ्याची फोड बघा. अर्धवट तयार माल वाढला असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही, वेफरला, म्हणजे चिपा घडतात त्या सिलिकॉनच्या चकतीला, कारखान्यातून बाहेर पडायला तीनेक महिने लागतातच. तयार माल साचत असेल तर मात्र गिऱ्हाईक हात आखडतंय.

इथेच एक मेख आहे. २ मार्च २०२३ ला संपलेल्या तिमाहीत मायक्रॉनने साठ्याची किंमत १४३ कोटी डॉलरनी खाली आणली. तोटा तेव्हाच दाखवला गेला. पुढे तोच माल विकला गेला तेव्हा त्याचा खर्च पुस्तकात आधीच कमी झालेला होता, म्हणून मार्जिन, म्हणजे विक्रीतला नफ्याचा वाटा, आहे त्यापेक्षा बरं दिसलं. साठ्याची किंमत अशी उतरवलेली असेल तर पुढच्या तीन-चार तिमाह्यांचं मार्जिन तो फायदा वजा करून वाचा.

आता तुटवडा. एआय सर्व्हरला लागणारी एचबीएम मेमरी तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर५ च्या, म्हणजे साध्या संगणकी मेमरीच्या, सुमारे तिप्पट वेफर खाते, त्यामुळे साध्या मेमरीला जागा उरत नाही. कारण खरं आहे. पण टंचाईत गिऱ्हाईक दोन-दोन ठिकाणी ऑर्डर टाकतं आणि माल मिळाला की एक रद्द करतं. हळदीला दर आला की पुढच्या हंगामात लागण वाढते आणि दर बसतो, हे सांगलीच्या मार्केट यार्डात कुणाला शिकवायला नको. फरक इतकाच की हळद नऊ महिन्यांत निघते, फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, उभा राहायला वर्षं लागतात. म्हणून मेमरीतले प्रतिस्पर्धी सॅमसंग आणि एसके हायनिक्स भांडवली खर्च किती वाढवताहेत तेही बघा. एकट्या मायक्रॉनचा कागद पुरत नाही.

व्यवस्थापन तपासायचं तर मागच्या चार तिमाह्यांचा दिलेला अंदाज आणि आलेला आकडा शेजारी लिहा. तेजीत सगळेच अंदाज ओलांडतात, त्याला फार गुण देऊ नका. मंदीत उत्पादन किती लवकर कमी केलं, यावर गुण द्या. अधिकाऱ्यांनी शेअर विकले म्हणून ओरड झाली तर फॉर्म ४, म्हणजे अधिकाऱ्यांच्या शेअर व्यवहारांची एसईसीकडची नोंद, उघडा. 'एफ' खूण म्हणजे बहुधा करासाठी कापलेले शेअर, त्यात काही नाही. 'एस' म्हणजे विक्री. तीही आधी ठरवलेल्या योजनेतली आहे का, ते तिथेच नोंदलेलं असतं.

शेवटी भाव. पीई, म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा, कमी दिसला म्हणून शेअर स्वस्त समजणं, ही या धंद्यातली जुनी फसगत. मायक्रॉनला २०२२ च्या आर्थिक वर्षात सुमारे ८६९ कोटी डॉलर नफा झाला, पुढच्याच वर्षी ५८३ कोटींचा तोटा. त्यामुळे एका वर्षाच्या नफ्यावर पीई काढू नका, तेजी-मंदी दोन्ही धरून पाच-सहा वर्षांची सरासरी घ्या.

आणि शेअर खरेदी केलात तर प्राप्तिकर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, शेड्यूल एफएमध्ये, त्याची नोंद करा. रक्कम लहान असली तरी.