सावली, चंद्र आणि ग्रहणावरून वेळ काढताना या चुका टाळा

सूर्यघड्याळ चुकते अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे सूर्यघड्याळ बरोबर असते. ते मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहण्याची त्यांची रीत तेवढी चुकलेली असते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे. मुंबई त्याच्या पश्चिमेला साडेनऊ अंशांहून थोडी अधिक दूर असल्याने, दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने, तिथला सूर्य सरासरी ३८ मिनिटे उशिरा मध्यान्हावर येतो; पुण्यात हा फरक सुमारे ३५ मिनिटांचा, तर नागपुरात १४ मिनिटांचा आहे. त्यात पृथ्वीचा कललेला आस आणि लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे होणारी वर्षभराची घटबढ मिसळते, म्हणून मुंबईत फेब्रुवारीच्या मध्यास सूर्य १२.५३ च्या सुमारास माथ्यावरची रेषा ओलांडतो आणि नोव्हेंबरच्या आरंभी १२.२२ लाच.

एवढे गणित नको म्हणून तबकडीच फिरवून टाकायची, ही पळवाट मला मुळीच सहन होत नाही. मुंबईजवळच्या एका शाळेत डिसेंबरच्या अखेरीस सूर्यघड्याळ बसवताना, भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजताच सावली बाराच्या रेघेवर येईल अशा बेताने तबकडी वळवली आणि सिमेंट ओतले. सावली पाडणारा काटा खऱ्या उत्तरेपासून सुमारे तेरा अंश पश्चिमेला गेला. हिवाळ्यात सगळे जवळपास जुळत राहिले, म्हणून कोणाला शंकाही आली नाही. मेच्या शिबिरात मात्र भर बाराला सावली साडेअकराच्याही मागे दिसू लागली, कारण सूर्य जवळजवळ डोक्यावर आल्यावर तबकडी फिरवल्याचा परिणाम उरतच नाही. शेवटी सिमेंट फोडून काटा उत्तरेला लावावा लागला आणि बाजूला महिनावार दुरुस्तीचा तक्ता चिकटवला. तो पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात तयार झाला असता!

उत्तर दिशा मोबाइलमधल्या होकायंत्राने ठरवू नये. गच्चीच्या स्लॅबमधल्या सळया त्याला बहकवतात. मी अजूनही सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथातलीच रीत वापरतो. सपाट जागी शंकू, म्हणजे सरळ काठी, उभा करून त्याच्याभोवती वर्तुळ काढावे, सकाळी आखडत जाणाऱ्या सावलीचे टोक वर्तुळाला टेकते तिथे आणि दुपारी लांबत जाणारी सावली पुन्हा टेकते तिथे खूण करावी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. नवशिक्यांना दुपारची खूण होईपर्यंत धीर धरवत नाही, आणि तिथेच त्यांचे काम बिघडते.

शंकू जितका उंच तितकी वेळ अचूक, हा समज अर्धाच खरा आहे. सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची चकती असल्याने सावलीची कड दर मीटर अंतराला सुमारे नऊ मिलिमीटर पुसट होते. मी शंकूच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा लावतो आणि सावलीऐवजी भोकातून पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य धरतो. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते, तेव्हा घाबरून शंकू हलवू नये.

चंद्रावरून वेळ काढताना तिथी न पाहणे ही सरसकट आढळणारी चूक आहे. पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मध्यावर येतो आणि पुढे रोज साधारण दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, उशीर करतो. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो. दिनदर्शिकेवरची तिथी सूर्योदयाची असते, त्यामुळे रात्री पुढची तिथी लागलेली असू शकते. एवढे सांभाळूनही अर्ध्या तासाच्या आतली अचूकता मागू नये.

ग्रहणाच्या वेळा वाचताना छायाकल्पाचा, म्हणजे चंद्र पृथ्वीच्या विरळ उपछायेत शिरण्याचा, आरंभ खरा धरू नये. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणात छायाकल्पाच्या आरंभापासून, रात्री ८.५८ पासून, आकाशाकडे डोळे लावून बसलेल्यांना तासभर काहीच दिसले नाही, कारण चंद्राच्या कडेला गडद सावलीचा पहिला चावा ९.५७ ला पडला. ती वेळ मुंबईला आणि नागपूरला एकच होती. सूर्यग्रहणाची वेळ मात्र गावागणिक बदलते, म्हणून दुसऱ्या शहराच्या कोष्टकावर आपले घड्याळ लावू नये.