काचेखालचा पासवर्ड आणि टू-स्टेप

आमच्या शिक्षणसंस्थेच्या चार शाळा आणि मुख्य कार्यालय मिळून गूगल वर्कस्पेसची ६३ खाती आहेत, आणि ती सांभाळणारी मी एकटी. सगळ्यांना टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीसारखा दुसरा पुरावा, सक्तीचं करायचं ठरलं तेव्हा ॲडमिन कन्सोलला, म्हणजे खाती सांभाळायच्या पानाला, हात लावायच्या आधी मी वही उघडली. कोणतं खातं कोण वापरतं आणि त्याला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय, एवढंच लिहायचं होतं. त्यालाच आठवडा गेला.

एका शाळेचा कार्यालयीन ई-मेल तिघे क्लार्क एकाच पासवर्डवर उघडायचे. पासवर्ड टेबलाच्या काचेखाली, आणि जोडलेला नंबर निवृत्त हेडक्लार्क काकांचा! तसंच टू-स्टेप लावलं असतं तर रोज सकाळी "काका, ओटीपी आला का?" सुरू झालं असतं. अशा सामायिक खात्यांचा निकाल आधी लावा. तिघांना स्वतंत्र खाती दिली आणि कार्यालयाच्या मेलबॉक्सचं डेलिगेशन त्यांच्या नावे केलं. आता प्रत्येकजण आपापल्या खात्यातूनच तो मेलबॉक्स उघडतो.

टू-स्टेप लावताना पहिली पाळी सुपर ॲडमिनची, म्हणजे सगळ्या खात्यांवर पूर्ण अधिकार असणाऱ्याची, अर्थात तुमची स्वतःची. सुपर ॲडमिन दोघे ठेवा. दोघांचे बॅकअप कोड, म्हणजे फोन जवळ नसताना वापरायचे राखीव कोड, छापून घ्या. एका संचात दहा कोड असतात, प्रत्येक एकदाच चालतो, आणि नवा संच काढला की जुना रद्द. आमची पाकिटं सहीने बंद करून तिजोरीत, फीच्या रोकडीशेजारी आहेत.

मग ॲडमिन कन्सोलमध्ये सिक्युरिटी, ऑथेंटिकेशन, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. आधी फक्त परवानगी चालू करा. एन्फोर्समेंटला, म्हणजे सक्तीला, लगेच 'ऑन' करू नका, पुढची तारीख टाका. आम्ही महिनाभराची मुदत दिली. नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी वेगळी सवलत ठेवता येते, आमच्याकडे ती एक आठवडा आहे.

एसएमएसची पद्धत मी बंद केली. दुसऱ्याच कुणी फसवून आपल्या नंबरचं सिमकार्ड काढलं की ओटीपी त्याच्याकडे जातो. शिवाय आमच्या एका शाळेत रेंज फक्त गच्चीवर येते. ऑथेंटिकेटर ॲपला रेंज लागत नाही. क्यूआर स्कॅन करताना फोनमध्ये एक गुप्त किल्ली साठते, आणि ती किल्ली व घड्याळातली वेळ यांवरून दर ३० सेकंदांनी सहा आकडी कोड तयार होतो. मात्र ज्यांनी फक्त एसएमएस लावलाय त्यांना आधी ॲपवर आणा, मगच ती पद्धत बंद करा, नाहीतर ते बाहेरच अडकतात.

घड्याळावरून आठवलं. एका क्लार्कचा कोड काही केल्या लागेना. दोनदा क्यूआर स्कॅन केला, ॲप काढून पुन्हा टाकलं. शेवटी भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. क्लार्कसाहेबांनी एसटी चुकू नये म्हणून मोबाइल पाच मिनिटं पुढे लावलेला! तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर टाकली आणि पहिल्याच कोडला खातं उघडलं. तेव्हापासून फोन हातात घेतला की मी आधी वेळ बघते.

ॲपचा कोडही खोट्या लॉगिन पानावर टाकून घेता येतो, म्हणून लेखा विभागाला आणि ॲडमिनना मी यूएसबी सिक्युरिटी की, म्हणजे संगणकाला लावायच्या छोट्या किल्ल्या, दिल्या. ती खऱ्या वेबपत्त्याशीच बोलते. माणशी दोन घ्या, एक हातात, एक कपाटात. पैशांवरून कुरकुर होईल, होऊ द्या.

स्कॅन करून मेल पाठवणारं झेरॉक्स मशीन हमखास विसरलं जातं. त्याला कोड टाकता येत नाही, त्याच्या खात्यातून १६ अक्षरी ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त त्या मशीनसाठीचा वेगळा पासवर्ड, काढून द्यावा लागतो.

तारखेच्या आठवडाभर आधी यूजर रिपोर्टमध्ये कुणी नोंदणी केली नाही ते पाहा. आमचे अकरा राहिले होते. परिपत्रकाने कुणी हललं नाही, मग मीच शाळाशाळांत जाऊन मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत बसले. पाच मिनिटांत एकेकाचं झालं.

फोन हरवला तर ॲडमिन त्या व्यक्तीच्या पानावरून बॅकअप कोड काढून देऊ शकतो. इथे माझा एकच हट्ट आहे. फोनवर मागितला तर लगेच सांगायचा नाही. "ठेवा सर, मी करते," म्हणायचं आणि कार्यालयातल्या नोंदवहीतल्या नंबरवर उलट फोन लावायचा, तोही बंद असेल तर समोर यायला सांगायचं. एक मुख्याध्यापक यावरून चांगलेच चिडले, पण दुसऱ्या दिवशी नवा फोन घेऊन स्वतः आले.