तपासणीचा तुकडा, संशोधनाचा तुकडा: सही करण्याआधी काय पाहायचं

बायोप्सीचा तुकडा लॅबमध्ये येतो तो फॉर्मेलिनच्या बाटलीतून. मग तो कॅसेट नावाच्या जाळीदार प्लॅस्टिकच्या डबीत जातो, त्यातलं पाणी काढून टाकलं जातं आणि शेवटी वितळलेल्या मेणात तो बसवला जातो. मेण गार झालं की ब्लॉक तयार. काडेपेटीहून लहान, आणि मधोमध करडा ठिपका. त्याचे मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे. हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या विभागात, तंत्रज्ञ म्हणून माझी नोकरी यातच गेली. आमच्या खिडकीवर नातेवाईक यायचे, "मॅडम, टाटाला न्यायचंय, ब्लॉक-स्लाइड द्या." आपल्या माणसाचा आणखी एक तुकडा संशोधनासाठी बाजूला ठेवलाय आणि त्या कागदावर आपलीच सही आहे, हे त्यातल्या कित्येकांच्या गावीही नसायचं.

म्हणून आधी कागद वेगळे करा. अॅडमिट होताना जो गठ्ठा हातात पडतो त्यात ऑपरेशनचं आणि भुलीचं संमतीपत्र उपचारासाठी असतं. संशोधनाचं संमतीपत्र निराळं. त्याला माहितीपत्रक जोडलेलं असतं आणि त्यावर प्रमुख संशोधकाचं नाव, फोन आणि एथिक्स कमिटीचा, म्हणजे संशोधन नीतीला धरून आहे ना हे पाहणाऱ्या समितीचा, संपर्क असतो. कधी कधी ऑपरेशनच्याच फॉर्मच्या तळाशी 'काढलेला भाग शिक्षण व संशोधनासाठी वापरण्यास हरकत नाही' अशी एक ओळ घुसवलेली असते. ती दिसली तर विचारा, हे नेमकं कशासाठी? पटलं नाही तर ओळीवर काट मारा आणि शेजारी सही करा. संशोधनाला नाही म्हटलं म्हणून उपचार थांबवता येत नाहीत की पुढे ढकलता येत नाहीत. नर्सबाईंनी "सगळेच करतात हो सही" म्हटलं तरीही.

सही आदल्या दिवशी करावी, घरच्यांशी बोलून. झोपेचं औषध देऊन स्ट्रेचरवर घेतल्यावर कोणी कागद पुढे केला तर सरळ "आता नाही" म्हणा. मराठीतला कागद मागा. रुग्णाला वाचता येत नसेल तर त्या संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा, त्याच्यासमोर सगळं वाचून दाखवायचं आणि मगच अंगठा. सही झाली की माहितीपत्रकाची आणि संमतीपत्राची एक प्रत तुमच्या फाइलमध्ये आली पाहिजे. ती मागायला लाजू नका, पुढे सगळं तिच्यावरच अडतं.

आता त्या कागदात काय शोधायचं ते. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांनुसार आरोग्य संशोधन त्यांना धरूनच करावं लागतं. त्या तत्त्वांत स्पष्ट म्हटलंय की नमुना आणि माहिती यांचा मालक तो देणारा माणूस, बायोबँक (असे नमुने साठवून ठेवणारी जागा) किंवा संस्था फक्त विश्वस्त. संमतीचेही प्रकार दिलेत: फक्त या एका अभ्यासापुरती, ठरावीक प्रकारच्या संशोधनापुरती, किंवा पुढच्या कुठल्याही संशोधनासाठी मोकळी. चांगल्या फॉर्मवर यासाठी वेगवेगळे चौकोन असतात. एकच चौकोन असेल तर डॉक्टरांना विचारा की "फक्त याच आजारावरच्या संशोधनासाठी" असं लिहून देता येईल का.

नमुना किती वर्षं ठेवणार, तो दुसऱ्या संस्थेला, कंपनीला किंवा परदेशात जाणार का, जनुकीय तपासणी होणार का, हे विचाराच. शेवटचा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण जनुकांत जे सापडेल ते तुमच्या बहिणीला, मुलीलाही लागू पडतं. तसं काही हाती लागलं तर मला कळवणार का, हेही त्याच दमात विचारा.

नाव राहणार का? उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधल्या छोट्या ट्यूबवर तुमचं नाव नसतं, कोड किंवा बारकोड असतो. कोड कुणाचा, याची यादी वेगळी, कुलपात. ती यादी आहे तोवर तुमचा नमुना शोधता येतो. ती कायमची नष्ट केली की कुणालाच सांगता येत नाही की हा तुकडा कुणाचा. गोपनीयतेला हे उत्तम, पण मग नमुना परत घेण्याची वाटही बंद होते. तुमच्या बाबतीत यातलं कुठलं, ते माहितीपत्रकात लिहिलेलं हवं.

एक गोष्ट लोकांना खटकते, पण माहीत असावी. तपासणी होऊन उरलेला भाग, ओळख पुसून, तुमच्या वेगळ्या संमतीशिवायही वापरायला एथिक्स कमिटी परवानगी देऊ शकते.

बिलही बघा. नेहमीच्या उपचारापलीकडे फक्त संशोधनासाठी केलेल्या तपासण्यांचा खर्च रुग्णाच्या माथी मारायचा नसतो.

लहान मूल असेल तर सही आईवडिलांची, पण सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते. ते अठरा वर्षांचं झालं की साठवलेल्या नमुन्यासाठी त्याची नव्याने संमती घ्यायची असते. फोन नंबर बदलला तर संशोधकांना कळवून ठेवा, नाहीतर ते शोधणार कुठे?

इतकं सगळं विचारायचं तर देऊच नये का? मी देईन. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी, म्हणजे गरोदर बायांच्या पोषणाचा अभ्यास, सुरू झाली. गरोदरपणी आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर तिच्या मुलात सहाव्या वर्षी इन्शुलिनला प्रतिरोध (शरीराने इन्शुलिनला नीट दाद न देणं) जास्त दिसतो, हे त्यातून २००८ मध्ये समोर आलं. त्या बायांनी रक्त दिलं नसतं तर हे कळलं नसतं. दुसऱ्या टोकाला हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकेतली कर्करोगाची रुग्ण. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये तिच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या, जगभर वाढवल्या, विकल्या. त्या पेशी विकणाऱ्या थर्मो फिशर कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली ती २०२३ मध्ये. म्हणून फॉर्ममध्ये व्यापारी वापर आणि त्यातल्या वाट्याबद्दल काय लिहिलंय, तेही वाचा.

तपासणीचा ब्लॉक मात्र वेगळा सांभाळा. पुढे दुसरं मत घ्यायचं असेल किंवा नवी मार्कर तपासणी (गाठीच्या पेशींतली ठरावीक खूण शोधणारी) करायची असेल तर तोच लागतो, त्यामुळे संशोधनात तो संपवणार नाही ना, हे विचारून घ्या. दुसऱ्या हॉस्पिटलात नेताना अर्ज करा, रजिस्टरमध्ये सही करा आणि ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टच्या नंबराशी स्वतः जुळवून बघा. स्लाइड कडक डबीत घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं आणि बंद गाडीत उन्हाने काच तापली की ते मऊ पडायला वेळ लागत नाही.

पुढे मन बदललं तर कारण द्यायची गरज नाही. संमतीपत्राच्या प्रतीवरचा अभ्यासाचा नंबर घालून प्रमुख संशोधकाला पत्र लिहा: मी संमती मागे घेत आहे, माझा उरलेला नमुना नष्ट करावा आणि तसं मला लेखी कळवावं. एक प्रत एथिक्स कमिटीच्या सदस्य सचिवांना द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या. छापून गेलेला निष्कर्ष परत घेता येत नाही. अभ्यासाचा निकाल काढायला माहिती ठेवणार असं फॉर्ममध्ये आधीच लिहिलं असेल तर तेवढी माहितीही राहते. नमुना मात्र, कोड जुळत असेल तर, फ्रीझरमधून काढावाच लागतो. उत्तर आलं नाही तर संशोधकाच्या मागे फिरत बसू नका, थेट एथिक्स कमिटीकडे लेखी तक्रार द्या. त्या कमिटीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार आणि तुमच्या-माझ्यासारखा एक सामान्य माणूसही असावा लागतो.