फाइल ‘वर्डमध्ये’ नसते: नवशिक्यांनी या चुका टाळा

“फाइल कुठं सेव्ह केली होती?”

“वर्डमध्ये.”

हा संवाद मी इतक्या वेळा केलाय की आता पुढचा प्रश्न विचारायच्या आधीच खुर्ची ओढून बसतो. ओळखीत कुणाचा कॉम्प्युटर रुसला की फोन मला येतो, आणि दहातल्या आठ वेळा कॉम्प्युटरला काहीही झालेलं नसतं. फाइल कुठं आहे आणि ती नेमकी काय आहे, हे दोन प्रश्न कुणी विचारलेले नसतात, एवढंच.

वर्ड हे फाइल उघडण्याचं हत्यार आहे, ठेवण्याची जागा नव्हे. वर्ड सुरू केलं की अलीकडच्या फाइलींची यादी समोर येते, म्हणून वाटतं की त्या तिथंच राहतात. ती यादी म्हणजे नुसती आठवण. फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवली तरी यादीतलं नाव तसंच राहतं, आणि त्यावर क्लिक केलं की ‘सापडत नाही’ असं उत्तर येतं. मग “व्हायरस आला वाटतं” म्हणून मला फोन. यात फोनवर वाढलेल्या पिढीचा फारसा दोष नाही. फोनची गॅलरी सगळ्या फोल्डरांतले फोटो एकत्र करून तारखेनं मांडते. कॅमेऱ्याचे फोटो डीसीआयएम नावाच्या फोल्डरात पडतात हे बघायची वेळच येत नाही.

माझी सवय: कोरं पान उघडल्यावर एक अक्षर टाइप करायच्या आधी सेव्ह करायचं. विंडोजवरच्या वर्डमध्ये एफ-१२ दाबलं की सेव्ह अ‍ॅजची चौकट थेट उघडते. तिच्या वरच्या पट्टीत पत्ता असतो, तो वाचायचा. सी ड्राइव्ह, मग यूजर्स, मग तुमचं नाव, मग डॉक्युमेंट्स. पाकिटावरचा पत्ता उलटा लिहावा तसा: आधी गाव, मग गल्ली, मग घर. डेस्कटॉप हीसुद्धा याच पत्त्यातली एक खोली आहे. पडद्यावर दिसतं ते फक्त त्या खोलीचं उघडं दार. ही पट्टी न वाचता ‘सेव्ह’ दाबणाऱ्यांना मी फाइल शोधून देतो, पण बोलणी खावी लागतात.

बाण असलेलं चिन्ह कॉपी करणं

ही माझी नावडती चूक, आणि तिच्यात माझाही हात आहे.

ओळखीतल्या एका प्राध्यापकांचं परगावी व्याख्यान होतं. स्लाइड, जुने फोटो, दोन व्हिडिओ, सगळं एका फोल्डरात. तो फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये चार थर आत होता, म्हणून काही महिन्यांपूर्वी मीच त्यांना डेस्कटॉपवर शॉर्टकट करून दिला होता. राइट क्लिक, सेंड टू, डेस्कटॉप. तेव्हा मला फार हुशार वाटलं होतं.

निघायच्या आदल्या रात्री त्यांनी डेस्कटॉपवरचं ते चिन्ह पेनड्राइव्हवर कॉपी केलं. एका क्षणात झालं. नवा पेनड्राइव्ह फार वेगवान आहे, असं त्यांनी घरात सांगितलंही. पण माणूस काळजीवाहू. पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला आणि त्यावरून फोल्डर उघडून पाहिला. उघडला. सगळ्या स्लाइड, दोन्ही व्हिडिओ. निर्धास्त झोपले.

दुसऱ्या दिवशी सभागृहातून फोन. चिन्हावर क्लिक केलं की कॉम्प्युटर म्हणतोय, हा शॉर्टकट ज्याच्याकडे बोट दाखवतो ते जागेवर नाही. मी त्यांना चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधला आकार वाचायला सांगितला. दोन केबी. घराला कुलूप, घरचा कॉम्प्युटर बंद. दीड तास ते फळ्यावर खडूनं बोलले. लोकांना म्हणे आवडलं. मला मात्र रात्री जेवण गेलं नाही.

झालं काय ते समजून घ्या, कारण हा सापळा चांगलाच बेमालूम आहे. शॉर्टकट ही स्वतःच एक छोटीशी फाइल असते, एलएनके प्रकारची, आणि तिच्यात मुख्यतः मूळ वस्तूचा पत्ता लिहिलेला असतो. पेनड्राइव्हवर गेला तो पत्ता. घरी तपासताना पेनड्राइव्ह त्याच कॉम्प्युटरला लावलेला होता, त्यामुळे पत्ता बरोबर ठरला आणि मूळ फोल्डरच उघडला. म्हणजे त्यांनी पेनड्राइव्ह तपासलाच नव्हता. पेनड्राइव्हच्या आडून घरची डिस्कच पुन्हा पाहिली होती. ‘उघडून बघितलं होतं’ हा पुरावा इथं चालत नाही.

चालतो तो आकार. चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला तर थांबा, आणि बाण दिसो न दिसो, कॉपी झाल्यावर प्रॉपर्टीज उघडून मूळ फोल्डरचा आणि नकलेचा आकार ताडून पाहा. व्हिडिओ असलेला फोल्डर डोळ्यांची पापणी लवायच्या आत कॉपी झाला, तर पेनड्राइव्हचं कौतुक करू नका, संशय घ्या. शक्य असेल तर दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडा. नवशिक्याच्या डेस्कटॉपवर मी आता फोल्डरचा शॉर्टकट करून देत नाही. चार थर चालत जा, रस्ता पाठ होतो. प्राध्यापकांचा तर आता निघण्यापूर्वी फोन येतो: “तीनशे बारा एमबी. निघू का?”

नाव बदललं म्हणजे फाइल बदलली, असं समजणं

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ही म्हण फाइलींसाठीच केली असावी असं मला कधी कधी वाटतं.

फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर येतं ते एक्स्टेन्शन: जेपीजी, पीडीएफ, डॉकएक्स. ते बघून विंडोज ठरवतं की ही फाइल कुठल्या प्रोग्रामकडे धाडायची. त्याचं काम एवढंच. आतला मजकूर कुठल्या पद्धतीनं लिहिलाय याच्याशी त्या तीन-चार अक्षरांचा काही करार नसतो. ऑनलाइन अर्जानं पीडीएफ मागितली म्हणून वर्डच्या फाइलचं नाव बदलून शेवटी पीडीएफ लिहिणारे लोक मला दर काही महिन्यांनी भेटतात. विंडोज विचारतंसुद्धा, की असं केलंत तर फाइल निकामी होऊ शकते, खात्री आहे का? हे ‘हो’ दाबतात. त्यांच्याकडे घाई असते, वाचायला वेळ नसतो.

अर्जानं ती फाइल नाकारली तर नशीब. वाईट तेव्हा होतं, जेव्हा अर्ज फक्त नाव तपासतो आणि फाइल घेतो. मग पलीकडचा माणूस चार दिवसांनी उघडायला जातो, फाइल बिघडलेली आहे असा निरोप येतो, आणि तोवर मुदत संपलेली असते. हे मी एकदा नाही, तीनदा पाहिलंय, आणि तिन्ही वेळा वाक्य तेच: “पण अपलोड तर झालं होतं!”

प्रकार खरोखर बदलायचा असेल, तर जो प्रोग्राम ती फाइल उघडू शकतो त्यात उघडा आणि सेव्ह अ‍ॅज किंवा एक्स्पोर्टमधून नवा प्रकार निवडा. वर्डमधून पीडीएफ अशी दोन क्लिकमध्ये होते. नाव बदलण्याइतकाच वेळ लागतो. आयफोनवाल्यांचा घोळ वेगळा. २०१७ च्या आयओएस ११ पासून त्यांचे फोटो एचईआयसी प्रकारात पडतात, ते प्रत्येक कॉम्प्युटरला वाचता येत नाहीत, आणि मग जेपीजी असं नवं बारसं होतं. त्यापेक्षा फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. पुढचे फोटो जेपीजीच येतील.

खात्री करायची माझी एक गावठी पद्धत आहे. संशयास्पद फाइलची नक्कल करायची आणि ती नोटपॅडमध्ये उघडायची. कचरा दिसेल, पण सुरुवातीची अक्षरं वाचायची. खऱ्या पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याची खूण आणि पीडीएफ ही अक्षरं असतात. पीएनजी चित्रात पहिल्याच ओळीत पीएनजी दिसतं. झिप फाइल (अनेक फाइली आवळून बांधलेलं गाठोडं) ‘पीके’नं सुरू होते, ती झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. गंमत म्हणजे डॉकएक्सही पीकेनंच सुरू होते, कारण २००७ पासूनची वर्ड फाइल ही आतून झिपच आहे. विश्वास नसेल तर एका नकलेचं एक्स्टेन्शन झिप करा आणि उघडा. आत वर्ड नावाच्या फोल्डरात मीडिया फोल्डर असतो, त्यात तुमचीच चित्रं सुटी पडलेली दिसतील. नाव बदलायची हौस भागवायला एवढी एकच जागा मी मान्य करतो.

आता मुळाकडे. विंडोज ही एक्स्टेन्शनं सहसा लपवूनच ठेवतं, आणि हा निर्णय ज्यानं घेतला त्याच्याशी माझं भांडण आहे. लपलेली असताना तुम्ही ‘फोटो’चं ‘फोटो.पीडीएफ’ केलंत, तर खरं नाव ‘फोटो.पीडीएफ.जेपीजी’ होतं आणि तुम्हाला शेवटचा तुकडा दिसतच नाही. याच लपवाछपवीचा फायदा मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ वर्मनं, म्हणजे स्वतःच पसरत जाणाऱ्या घातक प्रोग्रामनं, घेतला. मेलसोबत प्रेमपत्र म्हणून आलेल्या फाइलच्या नावात टीएक्सटी दिसत होतं; त्यानंतरचं व्हीबीएस, म्हणजे प्रोग्रामची खूण, बहुतेकांच्या पडद्यावर आलंच नाही. लोकांनी साधा मजकूर समजून प्रोग्राम चालवला. बिलाच्या नावाखाली ईएक्सई (चालणारा प्रोग्राम) पाठवणारे आजही तेच करतात.

म्हणून कुठल्याही नव्या कॉम्प्युटरवर बसलो की माझं पहिलं काम: फाइल एक्स्प्लोरर, व्ह्यू, शो, फाइल नेम एक्स्टेन्शन्स. विंडोज १० वर व्ह्यूच्या पट्टीतच त्याची चौकट आहे. अर्धं मिनिट लागतं.

झिपमध्ये बसूनच काम करणं

विंडोज झिप फाइल फोल्डरसारखी उघडून दाखवतं. ती फोल्डर नाही. आतली फाइल डबल-क्लिकनं उघडली की तिची एक नक्कल टेम्प, म्हणजे तात्पुरत्या, फोल्डरात निघते आणि तुम्ही त्या नकलेवर लिहीत बसता. तीन तास लिहिलेलं झिपमध्ये परत जाईलच असं नाही. मेलच्या अटॅचमेंटवर थेट काम करणाऱ्यांचंही असंच. आधी एक्स्ट्रॅक्ट ऑल किंवा डाउनलोड, मग स्वतःच्या फोल्डरातून उघडणं, मग बाकी सगळं. हा नियम मी स्वतः दोनदा मोडलाय, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

सीएसव्हीवर डबल-क्लिक

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. एक्सेल तो उघडताना स्वतःची अक्कल चालवतं: नंबरांच्या सुरुवातीचे शून्य खातं, आणि पंधरापेक्षा जास्त अंकी आकड्याचे पंधराव्यानंतरचे अंक शून्य करून टाकतं. वर सेव्ह केलंत की नुकसान कायमचं. डेटा टॅबमधल्या ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’नं आत घ्या आणि तो स्तंभ टेक्स्ट म्हणून ठरवा. सीएसव्हीत रंग, सूत्रं आणि दुसरी शीट राहत नाही, हेही एकदा लिहून ठेवा.

जुन्या प्रकाराचा हट्ट किती महागात पडतो पाहायचं असेल, तर २०२० चं इंग्लंड बघा. कोरोनाच्या चाचण्यांचे निकाल गोळा करताना एक्सेलची जुन्या प्रकारची फाइल, एक्सएलएस, वापरली गेली. तिच्यात एका शीटवर ६५,५३६ ओळीच मावतात, नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. १५,८४१ रुग्ण वेळेवर आकडेवारीत आलेच नाहीत. एका अक्षराचा फरक.

बाकीच्या, पटापट

‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरंच’. नावाच्या सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस लिहा, २०२५-०३-०९ असं. फाइली आपोआप रांगेत लागतात. नावात तिरकी रेघ, कोलन किंवा प्रश्नचिन्ह विंडोज घेत नाही, त्यामुळे तारखेत आडवी रेघच बरी.

पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही. तिथं शोधत बसू नका.

पेनड्राइव्हवर जागा भरपूर आणि तरी ‘फाइल फार मोठी’? तो फॅट३२ या जुन्या मांडणीचा आहे; त्यावर ४ जीबीची एक अखंड फाइल मावत नाही. आतलं सगळं दुसरीकडे काढून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. ‘आतलं सगळं काढून’ हे शब्द पुन्हा वाचा.

ओढून टाकलेली फाइल त्याच ड्राइव्हवर हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर तिची नक्कल होते. लक्षात राहत नसेल तर ओढू नका, कॉपी-पेस्ट करा. मीही तेच करतो.

क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरातून ‘जागा करायला’ पुसलेली फाइल सगळ्या उपकरणांवरून जाते.

प्रोग्रामचा फोल्डर पुसणं म्हणजे अनइन्स्टॉल नव्हे.

सीआरडाउनलोड किंवा पार्ट असं शेपूट असलेली फाइल अर्धवट उतरलेली आहे. नाव बदलून ती पूर्ण होत नाही. (वर सांगितलं, तरी सांगतो.)

युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत) नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल दुसरीकडे इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन उघडते, कारण फॉन्ट फाइलसोबत गेलेला नसतो. पाठवताना पीडीएफ करा. नवं काम युनिकोडमध्येच.

नागमोडी रेघ आणि डॉलरच्या खुणेनं सुरू होणारी फाइल दिसली, तर ती तुमच्या उघड्या वर्ड फाइलची सावली आहे. पुसू नका. वर्ड बंद केलं की ती स्वतःच जाते.