गुप्तांगावरच्या चामखिळींचं औषध लावताना या चुका टाळा

दुकानात तीन-चार जण उभे असले की हे गिऱ्हाईक मागेच थांबतं. खोकल्याचं औषध, बीपीच्या गोळ्या घेऊन सगळे निघून गेले की घडी न उलगडताच चिठ्ठी काउंटरवर सरकवतं. मी औषध कसं लावायचं ते सांगायला लागलो की "हो हो, माहितीये" म्हणत पाय दाराकडे वळलेला असतो. आणि आठ-दहा दिवसांनी फोन येतो, "अहो, सगळं सोलून निघालंय. आता काय करू?"

इतकी वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून माझं एक मत पक्कं झालंय. या औषधांत बहुतेक वेळा गडबड होते ती वेळापत्रकाची. लाजेपायी विचारायचं नाही आणि घाईपायी जास्त लावायचं, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की कातडीची वाट लागते.

दोन औषधं, दोन घड्याळं

घरी लावायला डॉक्टर साधारण दोनपैकी एक औषध लिहून देतात. पहिलं इमिक्विमॉड, ५ टक्क्यांचं क्रीम, बहुधा छोट्या पुड्यांत येणारं. हे आठवड्यातून फक्त तीन रात्री लावायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार ठरवून टाका. झोपताना पातळ थर लावून क्रीम दिसेनासं होईपर्यंत चोळायचं, ६ ते १० तास राहू द्यायचं आणि सकाळी सौम्य साबणाने धुवायचं. लावण्याआधी हात धुवा, नंतरही धुवा. चामखिळी जाईपर्यंत किंवा जास्तीत जास्त १६ आठवडे हा क्रम चालतो.

दुसरं पोडोफायलोटॉक्सिन, ०.५ टक्क्याचं द्रावण किंवा जेल. त्याचं गणित अगदी वेगळं. सकाळ-संध्याकाळ सलग तीन दिवस लावायचं आणि पुढचे चार दिवस हातही लावायचा नाही. असा आठवडा जास्तीत जास्त चार वेळा. दिवसाला अर्ध्या मिलीलीटरपेक्षा जास्त नाही आणि फक्त चामखिळीवरच, आजूबाजूच्या चांगल्या कातडीला न लागू देता. चड्डी चढवण्याआधी ते वाळू द्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. एकाने मित्राला सांगितलेलं असतं, "तीन दिवस लावायचं." मित्राकडे असतं दुसरंच औषध, आणि तो इमिक्विमॉड रोज सकाळ-संध्याकाळ थापतो. म्हणून मी स्केचपेनने खोक्यावरच वार लिहून देतो. तुमचा केमिस्ट देत नसेल तर त्याच्याकडून लिहून घ्या, त्यात कसली लाज?

नावाचा आणखी एक सापळा आहे. पोडोफायलोटॉक्सिन वेगळं आणि पोडोफायलिन वेगळं. पोडोफायलिन ही हिमालयात उगवणाऱ्या एका वनस्पतीपासून मिळणारी राळ आहे. तिचा २०-२५ टक्क्यांचा पेंट डॉक्टर स्वतःच्या हाताने लावतात आणि काही तासांत धुवायला सांगतात. तो घरी नेऊन रात्रभर ठेवण्याचं औषध नाही. जास्त जागेवर किंवा जखमेवर लागला तर अंगात शोषला जाऊन विषबाधा होऊ शकते. "झाडपाल्याचंच आहे की" म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

लाल झालं म्हणून घाबरणं, किंवा लाल झालं तरी रेटणं

इमिक्विमॉड चामखीळ जाळत नाही. ते त्या जागेची प्रतिकारशक्ती जागी करतं आणि मग शरीरच चामखीळ आणणाऱ्या एचपीव्ही या विषाणूशी लढतं. त्यामुळे थोडी लाली, खाज, चुरचुर, साल निघणं हे अपेक्षितच असतं. तेवढ्यावरून दुसऱ्या आठवड्यात औषध फेकून देऊ नका.

पण दुसरं टोकही तितकंच वाईट. कातडी ओली होऊन पाझरायला लागली, जखम झाली, सूज इतकी आली की लघवीला त्रास होतोय, ताप-थंडी वाजून अंग मोडून आलंय, तर क्रीम धुवून टाका, पुढचा डोस लावू नका आणि डॉक्टरांना दाखवा. ते बहुधा काही दिवस विश्रांती देऊन पुन्हा सुरू करतात. चामखीळ गेल्यावर तिथली कातडी पांढरट किंवा काळसर दिसू शकते, आणि कधीकधी तो डाग कायमचा राहतो. हे आधी माहीत असलेलं बरं.

एखादी रात्र राहून गेली तर दुसऱ्या दिवशी डबल लावून भरपाई करू नका. पुढच्या ठरलेल्या वाराला नेहमीइतकंच लावा. आणि एक पुडी फोडून अर्धी उरली तर ती पिन लावून जपून ठेवू नका. मला कळतं, पुडी स्वस्त नसते. पण उघडलेली पुडी टाकूनच द्यायची. त्या जागेवर पट्टी किंवा प्लास्टिक गुंडाळायचं नाही, सुती सैल चड्डी पुरे.

घरातली उरलीसुरली ट्यूब

जांघेत गजकर्ण झालं तेव्हाची ट्यूब प्रत्येक घरात कुठेतरी पडलेली असते. खाज सुटली की तीच लावली जाते. अशा अनेक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं, आणि स्टेरॉइड प्रतिकारशक्तीला झोपवतं. एका हाताने जागं करायचं आणि दुसऱ्या हाताने झोपवायचं! पायाच्या भोवरीसाठी मिळणारं सॅलिसिलिक अ‍ॅसिडही इथे चालत नाही.

चुना आणि धुण्याचा सोडा, बिब्बा, रुईचा चीक, लसणाची पाकळी: हातावरच्या चामखिळीला आजीने लावलेलं तुम्हाला आठवत असेल. गुप्तांगाची कातडी हाताच्या कातडीसारखी नसते. बिब्ब्याने तिथे फोड उठून खरोखरच भाजल्यासारखं होतं, आणि मग डॉक्टरांना चामखिळीआधी ती जखम बरी करावी लागते. केस काढायचं ब्लेडही त्या काळात बाजूला ठेवा. चामखीळ कापली गेली तर विषाणू शेजारी पसरतो.

ती चामखीळच आहे ना?

खरं तर हा प्रश्न पहिला यायला हवा. पण माणसं मोबाइलवरचा फोटो पाहून ठरवून येतात, "मला तेच क्रीम द्या." शिश्नाच्या टोकाच्या कडेने एका ओळीत असणारे बारीक दाणे अनेक पुरुषांना नैसर्गिक ठेवणीचेच असतात, त्यांना औषध लागत नाही. उलट सिफिलिस या गुप्तरोगात तिथे चपटे, ओलसर उंचवटे येतात. त्यांच्यावर हे क्रीम लावत बसलात तर खरा आजार आत वाढत राहतो. त्यासाठी डॉक्टर व्हीडीआरएल ही रक्ताची तपासणी करतात. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये अशा तक्रारी मोफत तपासतात, आणि विचारायला लाज वाटत असेल तर १०९७ या हेल्पलाइनवर आधी बोलता येतं.

योनीच्या आत, गुदमार्गाच्या आत किंवा लघवीच्या वाटेत चामखीळ असेल तर हे क्रीम स्वतः आत ढकलू नका. आणि बाईला दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल तर ते आधी सांगाच. पोडोफायलिन आणि पोडोफायलोटॉक्सिन गरोदरपणात अजिबात वापरत नाहीत, इमिक्विमॉडही सहसा टाळतात. डॉक्टरांकडे गोठवण्यासारखे दुसरे मार्ग असतात.

जोडीदाराचं काय

क्रीम अंगावर असताना संबंध ठेवू नका. ते जोडीदाराच्या कातडीला लागतं, शिवाय इमिक्विमॉडने निरोध कमकुवत होऊन फाटू शकतो. चामखिळी असेपर्यंत थांबणं सगळ्यात बरं, कारण निरोधाने झाकली न जाणारी जागाही संसर्गाला पुरते.

"मग हे आलं कुणाकडून?" या प्रश्नावर घरं मोडायची वेळ येते. एचपीव्हीचा संसर्ग झाल्यावर चामखीळ दिसायला आठवडे, महिने, कधी त्याहून जास्त काळ जातो. आज दिसली म्हणून कालचा हिशेब लावता येत नाही. जोडीदाराने स्वतःची तपासणी करून घ्यावी, पण "दोघांनी एकच पुडी वापरू" हा शहाणपणा नको.

कॅन्सरची भीती बहुतेकांना असतेच. या चामखिळी बहुतांशी एचपीव्हीच्या ६ आणि ११ या प्रकारांनी होतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला मुख्यतः १६ आणि १८ कारणीभूत असतात. म्हणजे चामखीळ आली म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, पण बायकांनी गर्भाशयमुखाची आपली नेहमीची तपासणी चुकवू नये. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक लस या चारही प्रकारांवर आहे. मात्र आलेली चामखीळ लसीने जात नाही.

सगळं साफ झाल्यावरही पहिले तीन महिने त्या जागेवर लक्ष ठेवा, परत येण्याचं प्रमाण तेव्हाच जास्त असतं. परत आलीच तर कपाटात ठेवलेली जुनी अर्धी बाटली शोधू नका. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि दुकानात गर्दी असेल तर सरळ फोन करून सांगा, औषध पिशवीत बांधून, वर वार लिहून तयार ठेवता येतं.